बेडूकमाशांचं शिळं पाणी

आमच्या मेहरूणमध्ये, तळ्याकाठच्या वस्तीत, नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध किती असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका गृहस्थाने त्या पाण्याने चूळ भरली आणि त्याची काळीभोर मिशी जागच्या जागी पांढरी झाली. मी डोळ्यांनी पाहिलंय. तो म्हणतो, वयामुळे झाली. म्हणो बापडा. शिवाय नळ येतो इतक्या उशिरा, की एका पाण्याला रांगणारं मूल पुढच्या पाण्याला हंडा धरायला येतं.

असल्या पाण्यात आबांनी बेडूकमासे वाढवायला घेतले.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर पारोळ्याकडच्या गावातून मी त्यांना इथे आणलं, आणि त्यांनी बोलणं सोडलं. मग जेवण सोडलं. अंगातला सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, त्यांना जगायचंच नाहीये.

एके सकाळी ते तळ्याकडून दुधाची किटली घेऊन आले. ट्रॅक्टरच्या चाकोरीतलं पाणी आटत होतं, त्यातले बेडूकमासे ओंजळीने उपसून आणलेले. मी घमेलं घेऊन नळाची तोटी सोडणार, तोच ओरडले, "त्या पानीमा मरी जातीन!" असे ओरडले, की तळ्यावरचे बगळे उडाले ते थेट भुसावळला जाऊन उतरले. कितीतरी दिवसांनी माणूस बोलला होता. मला रडूच आलं.

मग गच्चीवर पाणी मुरवायचा कारखाना निघाला. नळाचं पाणी पसरट टोपात उघडं, उन्हात. "वास उडी जाऊ दे," म्हणायचे आणि कनौजचा अत्तरवाला काय हुंगेल असं हुंगायचे. वास गेला की त्यात चाकोरीतलं गढूळ पाणी थोडं, तळ्यातलं शेवाळ थोडं. मग एक हात टोपात, एक घमेल्यात. दोन्ही हातांना सारखंच गार लागलं, तर थोडं जुनं काढून तेवढंच नवं ओतायचं. साबणाला तर त्यांनी गच्चीबंदी केली. बायको म्हणाली, "आबा, माझ्या बाळंतपणात एवढी काळजी कुणी घेतली नव्हती!" आबा हसले, आणि त्या दिवशी आख्खी भाकरी जेवले. बेडूकमाशांना मागचे पाय फुटले, तशी आबांच्या गालांवर चरबी फुटली. थोडी वाढवून सांगतोय, पण फार नाही.

अशात अक्का आली, आबांची थोरली बहीण. भावाने अन्नाला हात लावला हे ऐकून ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ घेऊनच आली.

आणि नळ आला. आमच्याकडे नळ आला की घरातलं उरलेलं सगळं पाणी आधी मोरीत जातं. काचेसारखं स्वच्छ असलं तरी ते शिळं. भांडी राखेने घासायची, ताजं भरायचं. मी दुकानात, बायको शाळेत, आबा शेवाळ आणायला तळ्यावर. अक्काने हंडे भरले आणि पाइप घेऊन गच्चीवर गेली. हिरवं, वास मारणारं पाणी बघून तिचा जीव कळवळला. बेडूकमासे पिठाच्या चाळणीत काढले, घमेलं लख्ख घासलं, काठोकाठ ताजं भरलं. शेजारी मुरत ठेवलेला टोपही रिकामा करून भरला.

शाळेतून परतलेल्या बायकोच्या फोनवर मी धावत आलो, तर आबाही तळ्यावरून येऊन घमेल्यापाशी बसलेले. पांढरी पोटं वर आलेली. काही अजून तोंड उघडत होते.

"जुनं पानी लय," आबा म्हणाले, म्हणजे घेऊन ये. "कोठूनबी लय."

मी जिन्यात धावलो. दार वाजवायचं आणि विचारायचं, शिळं पाणी आहे का? सगळ्यांनी नुकतंच ओतून टाकलेलं. वरच्या मजल्यावरची बाई तर चिडलीच, "भाऊ, आमच्या घरात शिळं पाणी? आम्ही काय तसले वाटलो का?" आख्ख्या बिल्डिंगमध्ये ओंजळभर शिळं पाणी नव्हतं. मग किटली घेऊन तळ्यावर गेलो. स्कूटर अशी पळवली, की माझी सावली मागे राहिली.

परत आलो तेव्हा आबांचा हात घमेल्यात होता. त्यातलं कुणीच हलत नव्हतं.

"मी तर त्यास्ले ताजं पानी दिधं रे, भाऊ," अक्का म्हणत होती. "त्या बिचारास्ले इतलं घाण पानी... म्हनीसन दिधं."

"तुनी चूक नही शे, अक्का," आबा म्हणाले.

मी किटली पुढे केली. आबांनी तळ्याच्या पाण्यात बोट बुडवलं, हुंगलं. "चांगलं शे," म्हणाले. मग खाली जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

अक्काने भाकरी थापली, ताट घेऊन आत गेली. बराच वेळ तिचा आवाज येत होता, नुसता तिचाच. मग ताट तसंच घेऊन बाहेर आली.