लातूरच्या तोंडची फ्रेंच

गंजगोलाई बाजारातली जुनी माणसं शिवकांताचं नाव निघालं की आधी हसतात आणि मग म्हणतात, "बाई मात्र लई खमकी होती." हसतात ते तिच्या फ्रेंचला. खमकी म्हणतात तेही त्या फ्रेंचपायीच. लातुरात, निजामाच्या राज्यात, धान्याच्या पोत्यांमागं बसून एका बाईनं फ्रेंचच्या उच्चारांसाठी सगळ्या गल्लीशी वैर घेतलं, ही गोष्ट हसण्यासारखी आहेच. पण हसून झाल्यावर ऐकण्यासारखीही आहे.

शिवकांता मलप्पा अडत्याची लेक. घर दुकानालाच लागून, घराणं लिंगायत. शाळा त्या काळी सगळी उर्दूतून, पण लेकीनं मुंबईकडची मॅट्रिक व्हावं अशी मलप्पाची हौस. त्या परीक्षेला इंग्रजीशिवाय आणखी एक भाषा लागायची. संस्कृत घ्यावं म्हणून मलप्पा लेकीला घेऊन समोरच्याच दत्तोपंत शास्त्र्यांच्या ओसरीवर गेला. शास्त्रीबुवा मुलांना संस्कृत शिकवायचे, आणि चांगलं शिकवायचे, खोटं कशाला बोला. त्यांनी बापलेकीला बसायला घोंगडी दिली, धान्याचा भाव विचारला आणि शेवटी म्हणाले, "मलप्पा, ही भाषा बायकांच्या जिभेसाठी नाही. त्यातून तुम्ही लिंगायत. भलता हट्ट धरू नका."

मलप्पा मान खाली घालून उठला. पोर उठली ती मान वर करून. घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकताच तिनं विचारलं, "बाबा, दुसरी कोणची भाषा हाय?"

दुसरी होती फ्रेंच. त्या भाषेला सोवळंओवळं ठाऊक नव्हतं आणि लातूर तर मुळीच ठाऊक नव्हतं. शिवकांता सोलापूरला मामाकडं राहिली आणि तिथल्या एका इंग्रज मडमेकडून फ्रेंच शिकली. पुस्तक इंग्रजीतलं, अर्थ इंग्रजीतून आणि उच्चार मडमेच्या तोंडातून आलेले, म्हणजे तेही इंग्रजीच. पण ते समजायला शिवकांताला कुणी दुसरं तोंड ऐकवलं होतं कुठं? ती पहिल्या झटक्यात पास झाली. मग लग्न झालं, आणि हळद पुरती उतरायच्या आत नवरा पटकीनं गेला. ती माहेरी परतली तेव्हा मलप्पाही राहिला नव्हता. दुकान आता थोरला भाऊ मन्मथ बघायचा.

मन्मथ मनानं वाईट नव्हता. पण बहिणीची काळजी म्हणजे तिचा पाट लावून मोकळं होणं, यापलीकडं त्याची अक्कल चालायची नाही. रेणापूरचा एक बिजवर त्यानं हेरून ठेवला होता.

"शेतीवाडी हाय. दावणीला देवणी बैल हायत, हत्तीवानी."

"अण्णा, तू माजं लगीन बैलासंगं लावून ऱ्हायलास का माणसासंगं?"

अशात बातमी आली की हैदराबादेत बड्या घरच्या मुलींच्या एका शाळेला फ्रेंच शिकवणारी बाई हवी आहे. राहायची सोय शाळेतच. मुलाखती नांदेडला होणार होत्या, कारण त्या शाळेच्या कारभारी बेगमसाहिबा मराठवाड्याच्या दौऱ्यावर होत्या. शिवकांतानं भावाला गाठलं. शब्द असा ठरला की जागा मिळाली तर ती आपल्या पायावर उभी राहील, आणि नाही मिळाली तर मुकाट्यानं रेणापूरला जाईल.

बहीणभाऊ मोटारीनं नांदेडला गेले. डाकबंगल्याच्या दिवाणखान्यात दोघीजणी बसल्या होत्या. एक शाळेची मुख्य, इंग्रज मडम, पाठीचा कणा ताठ. दुसऱ्या बेगमसाहिबा, साठीच्या, नवऱ्याबरोबर पॅरिसला कैक वर्षं राहून आलेल्या. शिवकांतानं पुस्तकातला उतारा धडाधड वाचला. मडम मान डोलावत होत्या. बेगमसाहिबांनी मात्र मध्येच हात वर केला आणि उर्दूत म्हणाल्या, "बेटी, हे फ्रेंच नाही. ही इंग्रजीच आहे."

मग त्यांनी तोच उतारा स्वतः वाचला.

शिवकांताला अपमान झोंबला नाही असं नाही. पण त्याहून मोठा धक्का वेगळाच होता. इतकी वर्षं जी भाषा शिकलो ती आज पहिल्यांदा कानावर पडतेय, हे तिला कळलं. शब्द सगळे ओळखीचे, आणि आवाज एकही नाही. फुकट गेलेल्या त्या वर्षांचा तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी यायचंही राहून गेलं. "मला येळ द्या," ती म्हणाली. मडम कपाळाला आठ्या घालून बसल्या, कारण शिवकांता वाचत होती ते थेट त्यांच्याच धर्तीवर. बेगमसाहिबांनी आपल्या सामानातली एक ग्रामोफोनची तबकडी काढली, कुणा फ्रेंच बाईनं गोष्ट वाचलेली, आणि सांगितलं, "दिवाळीनंतर मी पुन्हा इथं येणार आहे. तेव्हा ये."

तबकडी मिळाली, पण ग्रामोफोन? गोलाईत तो एकट्या सिद्धेश्वर हॉटेलवाल्याकडं. हॉटेलात बाईमाणूस पाय ठेवत नसे. शिवकांतानं पाय नाही ठेवला. ती भर बाजारात हॉटेलासमोरच्या दगडावर बसली आणि तबकडी आत पाठवली. सिद्धेश्वर आधी बिचकला, मग त्याला गंमत वाटायला लागली. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की तो ती तबकडी लावायचा. हमाल पाठीवरची पोती टेकवून ऐकायचे. एकानं विचारलं, "ही बाई रडून ऱ्हायली का गाऊन?" मन्मथ दुकानातून हे बघून शरमेनं अर्धा झाला. "लोकं काय म्हणत्याल?" त्यानं बहिणीला विचारलं.

"म्हणू दे. मी लोकाचं न्हाई, त्या बाईचं आयकून ऱ्हायले."

आणि ऐकता ऐकता एका दुपारी ती दगडावरून ताडकन उठली. तबकडीतल्या बाईच्या गळ्यात घासून येणारा तो 'र', जो सोलापूरच्या मडमेनं कायम जीभ वळवून म्हणायला लावला होता, तो 'र' नव्हताच. तो उर्दूतला गैन होता! लहानपणी गल्लीतल्या रहीमाबी उस्तानीकडं उर्दू शिकताना याच गैनसाठी तिनं किती छड्या खाल्ल्या होत्या. साधा ग म्हटला की छडी. "गळ्यातून बेटी, गळ्यातून!" तो गळा तर लहानपणीच तयार झाला होता. मडमेच्या इंग्रजीनं त्यावर माती लोटली होती, इतकंच.

तिथून ती एकेक वस्तू घरातूनच काढत गेली. मडमेचे ट आणि ड फेकून तिनं आपले त आणि द घेतले, जीभ दाताला टेकवून. मडमेचा प हवा फेकत निघायचा, जवळजवळ 'फ'च. शिवकांता तोंडापुढं पणती धरून बसली; प म्हणताना ज्योत हलली की चुकलं. आपल्या 'पाणी' शब्दातला प म्हटला की ज्योत हलायची नाही. मग तो चमत्कारिक स्वर, धड ई नाही की ऊ नाही. तो भावजयीच्या चुलीपाशी सापडला. रत्नम्मा फुंकणी फुंकत होती. शिवकांतानं फुंकणी मागून घेतली, ओठ तसेच ठेवले आणि आतून ई म्हटलं. रत्नम्मा हसून हसून भुईवर बसली, चूल विझली, आणि स्वर सापडला.

शेवटी राहिली चाल. इंग्रजी बोलताना शब्दातल्या एका तुकड्यावर हातोडा बसतो आणि बाकीचे गळपटतात. तबकडीतली बाई मात्र एकसारखी चालायची. बसवंतस्वामी जंगम पहाटे देवळात शिवपाठ म्हणत तसंच ते होतं, सगळी अक्षरं एका मापाची. शिवकांता पाठ म्हणायच्या त्याच चालीत फ्रेंच म्हणू लागली.

गल्लीत बोभाटा व्हायचा तो झालाच. पहाटेपासून मलप्पाच्या लेकीच्या गळ्यातून घरघर ऐकू येते म्हणताना शेजारची केवळाबाई ज्येष्ठमध घेऊन आली. कस्तुराबाईनं सांगितलं की मेलेला नवरा बोलतोय. अखेर बायकांनी बसवंतस्वामींनाच बोलावून आणलं, गळ्याला भस्म लावायला. स्वामींनी तिला म्हणायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "कशाचा पाठ हाय हा?"

"फ्रेंचचा, स्वामी."

"मंग मधीच दम तोडू नको. ओळ संपू दे, मंग थांब." एवढं बोलून त्यांनी भस्माची पुडी परत झोळीत टाकली. बायका हिरमुसल्या. समोरच्या ओसरीवरून दत्तोपंत शास्त्री रोज हे ऐकत होते. ते एकदा मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "गाढवाला गळा फुटला." दुसऱ्या दिवसापासून शिवकांता परसातून उठून पुढच्या ओट्यावर येऊन बसू लागली, बरोबर त्यांच्या समोर.

दिवाळी झाली आणि पुन्हा नांदेड आलं. तोच डाकबंगला, त्याच दोघी. शिवकांतानं उतारा वाचला. बेगमसाहिबा खुर्चीत पुढं सरकल्या आणि त्यांनी फ्रेंचमध्ये तिला घरचं विचारलं, प्रवासाचं विचारलं. शिवकांता उत्तरं देत गेली. परीक्षा चालली आहे हे दोघीही विसरल्या. तेवढ्यात मडमेनं टेबलावर पेन्सिल आपटली.

"हे उच्चार कुणी शिकवले?"

सोलापूरच्या मडमेचं नाव घेतलं असतं तर चाललं असतं. एका मडमेनं दुसरीचा मान राखला असता. शिवकांता म्हणाली, "लातूरच्या रहीमाबींनी."

"त्यांना फ्रेंच येतं?"

"न्हाई. त्यांना गैन येतो."

मडम हसल्या. मग बजावून बोलल्या की हा घसा बाजारी वाटतो, मुली पुढं विलायतेला जाणार, तिथं त्यांच्या तोंडी असलं शोभायचं नाही. वर्गात त्या स्वतः बोलतात तसंच शिवकांतानं बोलायचं. हे कबूल असेल तर जागा आजच तिची. बेगमसाहिबांनी काही सांगायचा प्रयत्न केला, पण वर्गात काय चालावं ते मडमच ठरवणार होत्या.

उंबरा ओलांडायला फक्त एक 'हो' पुरे होता. तो म्हटला की हैदराबादची खोली, स्वतःची कमाई, आणि रेणापूरचे बैल कायमचे सुटले. खिडकीबाहेर लिंबाखाली मन्मथ उभा होता, तिच्या तोंडाकडं बघत. शिवकांताला तो 'हो' जिभेवर आलेलाही जाणवला. पण त्याबरोबर ओसरीवरची ती घोंगडीही आठवली. एकानं तिची जीभ कमी ठरवली म्हणून ती इथवर आली होती, आणि आता दुसरी कुणी तिचा गळा कमी ठरवत होती.

"चुकीचं हाय ते मी चुकीचंच म्हननार," ती मडमेला इंग्रजीत नव्हे, उर्दूतही नव्हे, आपल्या लातुरी मराठीत म्हणाली. "बरोबर म्हनायला लई कष्ट केलेत मी. पोरींना मुद्दाम चुकीचं शिकवनार न्हाई." मग तेच तिनं फ्रेंचमध्ये बेगमसाहिबांना सांगितलं आणि उठली.

बेगमसाहिबाही उठल्या. तिला सोडायला दारापर्यंत आल्या आणि पायऱ्या उतरेपर्यंत उभ्या राहिल्या.

जागा गेली. परतीच्या मोटारीत मांजरा नदी ओलांडल्यावर शिवकांताच बोलली. "अण्णा, मी रेणापूरला जानार न्हाई."

"शबूद दिलतास."

"दिलता. आन आता मोडून ऱ्हायले. तुझ्या तोंडावर मोडून ऱ्हायले, चोरून न्हाई. मला दुकानावरली माडी दे. मॅट्रिकला बसनाऱ्या पोरींना फ्रेंच शिकवते."

मन्मथ भडकेल असं तिला वाटलं होतं. त्यानं बाहेर बघत विचारलं, "ती येवढी नबाबाची बाई तुज्यासाठी उटली का गं?"

"उटली."

"मी बगितलं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं माडीवरची ज्वारीची पोती खाली उतरवली.

पोरी लगेच काही धावत आल्या नाहीत. आधी एक वकिलाची आली, मग अडत्यांच्या दोघी. शिवकांता प्रत्येकीच्या हाती आधी फुंकणी द्यायची आणि मगच पुस्तक. गल्ली हसायची ती हसतच होती.

मग एका सकाळी दारात इंदू उभी राहिली. दत्तोपंत शास्त्र्यांची नात, तेरा-चौदाची, पदरात पाटी लपवलेली. शिवकांता तिच्याकडं बघतच राहिली. आत घ्यावी की आल्या पावली परत पाठवावी, हा प्रश्न तिच्या मनात आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

"तुज्या घरात संस्कृत हाय की. हितं कशाला आलीस?"

"आजोबा मला शिकवत नाहीत," पोर म्हणाली. "मुलांना शिकवतात. मी दाराआडून ऐकते."

शिवकांतानं तिला बसायला घोंगडी दिली. पुढ्यात पणती लावली आणि पहिला शब्द म्हणून दाखवला. इंदूनं ओठातल्या ओठात तो म्हटला. पुन्हा सांगितला, पुन्हा तसंच पुटपुटली. ज्योत हलली नाही, पण आवाजही ऐकू आला नाही.

"अगं, मोठ्यानं म्हन की."

इंदूनं बंद खिडकीकडं बघितलं. "आजोबांना ठाऊक नाही. ते समोर ओसरीवरच बसलेत."

शिवकांता उठली. तिनं खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली आणि परत येऊन पोरीसमोर बसली.

"मंग मोठ्यानं म्हन."