खजिन्याच्या राखणीला तात्या

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमधले तात्या नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत, "मला हिरोने गोळी घालून मारलंय." समोरचा गोंधळला की ते समाधानाने खुर्चीत मागे टेकत आणि पुढचं सांगायला घेत.

ते तरुण असताना बोरिवलीच्या जंगलात एका हिंदी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. गोष्ट आफ्रिकेतल्या खजिन्याच्या शोधाची. तात्या कारखान्यात रजा टाकून नुसते बघायला गेले. गोरिला झालेला माणूस उकाड्याने चक्कर येऊन पडला, आणि तो केसाळ पोशाख अंगाला येईल असा उंच माणूस गर्दीत एकच होता. अशा रीतीने कणकवलीकडचे तात्या खजिन्याचे राखणदार झाले. "आफ्रिका लांब नाही रे," ते आम्हा मुलांना सांगत, "बोरिवलीला उतरायचं आणि पूर्वेला चालत सुटायचं."

खजिन्याबद्दल मात्र ते फार गंभीर असत. पेटीत वर काचेचे हिरे पसरलेले आणि खाली सगळ्या युनिटचे बटाटेवडे, कारण उघड्यावर ठेवलं की जंगलातली खरी माकडं पळवत. त्यामुळे शॉट संपला तरी गोरिलाने पेटीजवळून हलायचं नाही, असा हुकूम होता. "अभिनय कसला," तात्या म्हणत, "मी खरोखरच राखण करत होतो."

अडचण एवढीच की तोंड मुखवट्याच्या आत. पडद्यावर नाव नाही, घरात फोटो नाही. तळमजल्यावरचे नाईक दर वेळी विचारत, आत तुम्हीच होता कशावरून? विषय निघाला की तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, स्वयंपाकघरात निघून जात. हे सगळं त्यांच्या लग्नाआधीचं, आणि नवऱ्याने गोरिला होण्यात मिरवण्यासारखं काय, हे त्यांना कधी कळलं नाही.

काही वर्षांपूर्वी तो सिनेमा मला मोबाइलवर सापडला. गणपतीत मंडपात पडदा लावून आम्ही तो दाखवला. तात्या इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. हिरो-हिरॉईन गाणी म्हणत बरंच भटकली, आणि एकदाची गुहेत पेटी दिसली. शेजारी गोरिला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. हिरोने गोळी झाडली. गोरिलाने एक गुडघा टेकला, मग हात टेकला आणि तो बेताने आडवा झाला.

"आत कोणीही असेल," नाईक म्हणाले.

तात्या मान खाली घालून शर्टाची इस्त्री चाचपू लागले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून काकी उठल्या. "आमचेच ते," त्या म्हणाल्या. "जेवूक बसताना डावो ढोपर असोच आधी टेकतत. इतकी वर्सां बघतंय मी."

मंडप हसून लोटपोट झाला. नाईकांनी हात जोडले. तात्या मान वळवून काकींकडे बघत राहिले आणि मग पुटपुटले, "पोशाख भाड्याचा होता. धाडकन पडलो असतो तर फाटला असता."

तात्या गेल्या वर्षी गेले. दिवसांच्या वेळी वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरू बाई भेटायला आल्या. त्यांनी तात्यांना कधी पाहिलं नव्हतं. काय करायचे हो हे, असं त्यांनी हळूच विचारलं. रिटायर होईपर्यंत एकाच कारखान्यात राबलेला माणूस. मी सांगणार, तोच काकींनी पदर नीट केला.

"पिक्चरमध्ये होते," त्या म्हणाल्या.