फणसाला लागलेलं कुंकू

आमच्या बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या भजनी मंडळाचं आवळीभोजन दर कार्तिकात ज्योतिबाअण्णांच्या रानात होतं. अण्णा मूळचे निपाणीकडचे. स्पेअर पार्टचं दुकान मुलाकडे देऊन कनकपुरा रोडच्या पुढे त्यांनी तीन एकरांत झाडं वाढवली. शेजारी सगळी निलगिरी, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. अण्णांकडे साग, सिल्व्हर ओक, कडुनिंब, आवळा, सगळे खेटून. लाकडासाठी दरवर्षी तयार झालेली एक-दोनच झाडं काढायची आणि तिथं नवी रोपं लावायची. "सावली मोडायची नाही वो," म्हणतात, "मग विहिरीला पाणी बी राहतंय, पाखरं बी."

तोडायच्या झाडाला ते आदल्या दिवशी कुंकू लावतात आणि वर बघून हात जोडतात, "उद्या करवत येणार, बिऱ्हाड हलवा." जयतीर्थ मेस्त्री कुंकू बघूनच झाड तोडतो.

मधोमध फणस आहे, अण्णांनी लावलेलं पहिलं झाड. सगळी कोवळी रोपं त्याच्याच सावलीत वाढतात. मृदंगासाठी म्हणून जयतीर्थ तो कधीपासून मागतोय. अण्णा दाद देत नाहीत.

यंदा मंडळात नागपूरच्या अलकाताई नव्या. आवळ्याची पूजा झाली तशा करंडा घेऊन निघाल्या. "एकट्या आवळ्यालाच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलं?" फणसाला तर त्यांनी मळवटच भरला. आम्हालाही छान वाटलं. त्या कुंकवाचा अर्थ आमच्यात ठाऊक होता कुणाला!

पानं मांडली. अण्णा मसालेभात वाढत होते, तोच रानातून करवतीचं यंत्र घरघरलं.

"काल कुंकू लावलेला ओक तर त्या कडेला. आवाज फणसाकडनं कसा?" अण्णांचा चेहरा पडला. डाव हातात तसाच घेऊन ते धावत सुटले, "बेडा! बेडा!"

अलकाताईंचा घास हातातच राहिला. "वेडा कुणाला म्हणताहेत?"

"बेडा म्हणजे नको," अण्णांच्या पत्नी शालनअक्का उठत म्हणाल्या. "वेडं कोण, ते तिथं गेल्यावर कळंल."

आम्ही पोचलो तेव्हा करवत थांबली होती. साल कापली होती, चीक वाहत होता. अण्णांनी जखमेवर पंजा दाबून धरला होता.

जयतीर्थ कानडीत कुरकुरला, "अण्णा, कुंकू लावून दिलात, आता परत घेता?"

"मी कुठं दिला? नागपूरनं दिला!"

अलकाताई रडवेल्या झाल्या. शालनअक्कांनी त्यांच्याच करंड्यातली हळद घेऊन जखमेत भरली. "स्वल्पच कापलंय. जगतंय."

जयतीर्थ ओकाकडे वळला. जाताना अलकाताईंना मोडक्या मराठीत म्हणाला, "अक्का, पुढच्या वर्षी पण या. कुंकू जास्त आणा."

हसू आवरेना. अण्णा त्याच हातात डाव धरून वाढायला परतले, तर चिकानं तो तळहाताला घट्ट चिकटलेला. शालनअक्का खोबरेल घेऊन आल्या.

"इतकी वर्षं तुम्ही फणस सोडला नाही," त्या म्हणाल्या, "आता तो तुम्हाला सोडंना!"