मरणं वगळून वाचलेलं एक वर्ष

उत्तम कादंबरी माणसाला मृत्यूसाठी तयार करते. शकूताईच्या शोकसभेत अध्यक्षांनी हे वाक्य दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा सावकाश, कोणाला लिहून घ्यायचं असेल तर घेता यावं म्हणून. माना हलल्या. मीही हलवली. तिच्या शेवटच्या वर्षात तिला कादंबऱ्या वाचून दाखवणारा माणूस मी होतो, आणि पहिला दिवस आणि एक अपवाद सोडला तर त्या सबंध वर्षात आम्ही वाचलेल्या एकाही कादंबरीत कोणी मेलं नव्हतं. मी मरू दिलं नव्हतं. तशी तिची अटच होती.

शकूताई माझी आत्येबहीण. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी उज्जैनच्या देवास गेटजवळ पोह्यांच्या गाडीपुढे उभा होतो. तिचा मुलगा मिलिंद एवढंच म्हणाला, "विनूमामा, आई गेली." पोहेवाल्यानं विचारलं, "सेव डालूं, बाऊजी?" मी त्यालाच "हो" म्हणालो, की मिलिंदला, हे अजून नीटसं आठवत नाही. पोहे हातात आले. समोर महाकालच्या यात्रेकरूंची एक बस रिकामी होत होती आणि मी त्या उतरणाऱ्या माणसांकडे बघत विचार करत होतो, की आज चार वाजता काय करायचं. मोठ्या दुःखात माणसाला मोठे विचार सुचतात असं म्हणतात... मला चारचा विचार सुचला.

कारण वर्षभर रोज चार वाजता मी पूल ओलांडून फ्रीगंजला तिच्याकडे जात होतो. शकूताईने मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं आणि आयुष्यभर कादंबरी नावाची गोष्ट हातात धरली नाही. "खोट्या माणसांची खरी दुःखं मला कशाला?" असं ती आमच्याकडच्या साहित्यप्रेमी मंडळींना विचारायची. मग तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. त्या आजाराची गंमत अशी, की समोरचं मधोमध पुसलं जातं आणि कडेकडेचं दिसत राहतं. माझ्याकडे बघायचं असलं की ती माझ्या शेजारी बघायची. मला सारखं वाटायचं, शेजारी कोणी तरी येऊन बसलंय. सुरुवातीला मी एक-दोनदा वळूनही पाहिलं.

"विन्या, मी आता वर्षभर मजेसाठी वाचणार आहे," ती एक दिवस म्हणाली. "आजपर्यंत जे वाचलं त्याच्या शेवटी परीक्षा होती. कधी माझी, कधी पोरींची. आता परीक्षा नाही. कादंबरी आण. तू वाच, मी ऐकते. चल, शुरू कर."

मी मराठी वाचनालयाच्या कपाटातून एक जुनी कादंबरी आणली. डांबरगोळ्यांचा वास येत होता. पहिल्या प्रकरणातच नायकाची आई वारली. शकूताईने हात वर केला, वर्गात बडबड थांबवायला करत असेल तसा. तिचे यजमान तेव्हा जाऊन फार काळ झाला नव्हता. "हे घरात होऊन गेलंय," ती म्हणाली. "यात मजा कसली? मरण आलं की वगळ. आणि वगळलंस हे मला सांगूही नकोस. पुढे."

'पुढे' हा तिचा शब्द. फळ्यावरचं एक गणित पुसून दुसरं मांडताना ती तो वापरत असणार.

मरण वगळणं सोपं वाटतं. पण मेलेला माणूस पुढच्या प्रकरणात येत नाही, आणि ऐकणारी गणिताची मास्तरीण असली की येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हिशेब तिच्याकडे पक्का असतो.

"पोस्टमास्तर कुठे गेला रे?"

"कोण?"

"कोण काय? सकाळी अंगणात खोकत होता. आता त्याची बायको एकटी जेवतेय."

मी सरकारी खात्यात स्थापना शाखेत नोकरी केली. माणसांच्या बदल्यांचे आदेश काढणं हे माझं काम होतं. अडचणीत माणूस आपल्या धंद्याकडे वळतो. मी म्हणालो, "बदली झाली."

"कुठे?"

"आलीराजपूरला."

"कोकणातल्या पोस्टमास्तरची बदली मध्य प्रदेशात?"

"डेप्युटेशन."

ती माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिली, म्हणजे माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हं. पुढे."

अशी आमची पद्धत पडली. आमच्या दोघांच्याही घरी बाप-आजोबा बदल्यांवर फिरलेले. माणूस एका सकाळी घरातून नाहीसा होतो आणि दूर कुठे तरी सामान लावून राहत असतो, यात आम्हाला अशक्य असं काही वाटत नव्हतं. क्षयाने गेलेला कवी आलीराजपूरला गेला. विहिरीत पडलेली धाकटी सून गेली. एका ऐतिहासिक कादंबरीत तर लढाई होती. मी सबंध पलटण आलीराजपूरला रवाना केली. शकूताई खो-खो हसली. "अरे, तिथल्या लोकांना भाजी तरी मिळते का आता?"

पण हसून झाल्यावर ती त्यांना विसरत नसे. हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. नवी कादंबरी सुरू झाली तरी मध्येच विचारायची, "त्या सुनेला क्वार्टर मिळालं का रे?" किंवा, "कवीला थंडी सोसवत असेल का तिकडे?" मी सांगायचो, की मिळालं, कवी आणि पोस्टमास्तर शेजारी-शेजारी राहतात, सून शाळेत शिकवायला जाते. ती मान हलवायची. मी संध्याकाळी घरी परतताना, पुलावर गाड्या तुंबलेल्या असल्या की, माझ्या मनात नकळत ती वसाहत उभी राहायची... पिवळ्या रंगाची सरकारी घरं, दारात उभी असलेली माणसं, सगळी गप्प. कोणी एकमेकांच्या कादंबरीतलं नव्हतं, त्यामुळे बोलायला विषय नव्हता. ती माणसं नुसती रस्त्याकडे बघत असायची. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण तिथे मी कोणाकोणाला पाठवलंय, हे मला पाठ होतं.

पावसाळा संपता संपता शकूताईचं पोट दुखायला लागलं. इंदूरला तपासण्या झाल्या. मी नेहमीप्रमाणे चार वाजता गेलो तर मिलिंद आणि त्याची बायको स्नेहा मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. मिलिंदने आजाराचं नाव सांगितलं, फार दिवस नाहीत असंही सांगितलं. मग तो म्हणाला, "आईला अ‍ॅसिडिटी सांगितलंय. मामा, प्लीज, तुम्ही काही बोलू नका. ती कोलॅप्स होईल."

स्नेहा हळूच म्हणाली, "मला वाटतं त्यांना सांगावं..."

"नाही म्हटलं ना!" मिलिंदचा आवाज फुटला. तो बँकेत अधिकारी आहे, चार माणसांत वजन असलेला; पण त्या वेळी तो परीक्षेत नापास होऊन आलेल्या मुलासारखा दिसत होता. मी बरं म्हणालो. बाहेरच्या खोलीतून हाक आली, "विन्या, काय खलबतं चाललीत? पुस्तक आणलंस ना?"

त्यानंतर घर गोड झालं. मिलिंद ऑफिसातून लवकर यायला लागला. नातेवाईक रताळ्यासारखे चेहरे करून यायचे आणि "छान दिसतेस" म्हणायचे. मी वाचत राहिलो. पण माझं वाचणं बिघडलं. आता वाक्य सुरू करण्याआधी मी पुढचं वाक्य बघायचो. ताप, खोकला, वैद्य असा शब्द दिसला की पान उलटायचो. काही दिवस तर इतकं वगळलं, की कादंबऱ्यांत नुसतं हवामान उरलं.

एक दिवस तिने पुस्तकावर हात ठेवला. "आज वगळू नकोस."

"काय?"

"ढोंग नको करूस. यात तो म्हातारा वकील आजारी आहे, कालपासून दिसतंय मला. त्याचं मरण वाच. नीट, सगळं."

मी वाचलं. लेखकाने त्यासाठी एक अख्खं प्रकरण खर्चलं होतं. वकील मरताना बायकोशी, मुलांशी, गड्याशी आणि शेवटी गावातल्या नदीशी बोलत होता. शकूताई डोळे मिटून ऐकत होती.

"फार बोलतो," ती म्हणाली.

"कादंबरीत बोलतात."

"श्वास कुठून आणतो एवढा?" मग थोडं थांबून, "त्याला सांगितलं होतं का कोणी? की तो मरणार आहे?"

"नाही. घरच्यांनी ठरवलं होतं, सांगायचं नाही."

"मग त्याला कळलं कसं?"

"लेखकाने लिहिलं नाहीये."

"लेखकाला माहीत नसेल. मी सांगते. सगळी माणसं एकदम गोड बोलायला लागतात." तिने डोळे उघडले आणि माझ्या शेजारी रोखून पाहिलं. "विन्या, मला काय झालंय? आणि बदली-बिदली सांगू नकोस. मी पोस्टमास्तर नाही."

स्वयंपाकघरात स्नेहा कुकर लावत होती. मी मिलिंदला दिलेला शब्द आठवला. आणि समोर ही, जिने जन्मात कोणाला उत्तराच्या पानावरून उत्तर लिहू दिलं नाही... मी सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं, डॉक्टर काय म्हणतात ते सांगितलं. शिट्टी झाली. दुसरी झाली. मला वाटलं आता ती रडेल, आणि मला कसं बसावं कळेना.

"बरं," ती म्हणाली. "मग आता जाड पुस्तकं आणू नकोस." मग जरा विचार करून, "नाही, थांब. जाडच आण. संपवायची सक्ती थोडीच आहे? आयुष्यात पहिल्यांदा एखादं पुस्तक अर्धं सोडायला मिळेल."

"ताई..."

"आणि मिलिंदला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. त्याला झेपणार नाही. वकिलाचं ऐकलं, समजलं. आता परत पूर्वीसारखं वगळायला लाग. पुढे."

मी कपाटातली सगळ्यात जाड कादंबरी आणली. एका मोठ्या कुटुंबाची गोष्ट होती, वरवर पाहता बरीच माणसं दगावतील अशी. ती आम्ही हिवाळाभर वाचत होतो. शेवटी शेवटी औषधांमुळे शकूताई गुंगीत असायची. एका दुपारी मी खुर्ची ओढली तर म्हणाली, "तिथे नको बसूस, तिथे सून बसलीय."

"स्नेहा? ती तर आत आहे."

"ती नाही रे. विहिरीतली. सगळे आलेत, आलीराजपूरचे. केव्हापासून बसलेत." ती खोलीच्या कडाकडांनी नजर फिरवत होती, जिथलं तिला दिसत असे. "विचारतायत, आम्हाला परत केव्हा बोलावणार."

बदली रद्द करा म्हणून माझ्या टेबलापुढे किती तरी माणसं उभी राहून गेली आहेत. प्रत्येकाला मी काही ना काही उत्तर देत असे. त्या दुपारी मी पुस्तक उघडलं. मी उभ्यानेच वाचलं. खुर्ची रिकामी होती आणि मी तिच्यावर बसू शकलो नाही.

त्यानंतर आठवड्याभरात ती गेली. घाटावरून परतताना मिलिंद माझा हात धरून म्हणाला, "आईला शेवटपर्यंत कळलं नाही, हे एक बरं झालं." मी "हो" म्हणालो. शोकसभेतही तो तेच बोलला आणि अध्यक्षांनी त्याला अज्ञानातल्या सुखाचं एक वाक्य जोडलं.

हा लेख छापायला देण्याआधी मात्र त्याला सांगणं भाग होतं. मागच्या महिन्यात एका रविवारी मी फ्रीगंजला गेलो आणि सगळं सांगितलं. तो चिडेल अशी माझी तयारी होती. तो चिडला नाही. मग म्हणाला, "पण मामा, ती तर रोज माझ्याकडे अ‍ॅसिडिटीची गोळी मागायची. स्वतःहून. 'मिलू, तुझ्या गोळीने बरं वाटतं' म्हणायची." स्नेहाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग ती आत गेली आणि ती जाड कादंबरी घेऊन आली. आम्ही जिथे थांबलो होतो त्या पानात शकूताईच्या केसांचा काळा आकडा होता.

पुस्तक मी घरी आणलं. दोन-तीन दिवस नुसतं बघत होतो. मधल्या काळात मी दुसरं काही वाचायचा प्रयत्न केला होता, पण कोणी आजारी पडलं की माझी नजर आपोआप पान ओलांडून जाते, आणि ओलांडलेला माणूस संध्याकाळी खोलीच्या कडेला उभा असतो. आता या पुस्तकातलं वगळायचं नाही, असं मी ठरवलं. जे मरतील त्यांना मरू द्यायचं. बुधवारी चार वाजता दार लावून घेतलं, आकडा काढून टेबलावर ठेवला आणि तिथून पुढे मोठ्याने वाचायला लागलो, एक शब्द न गाळता. थोरल्या भावाला ताप चढला. माझी नजर पान ओलांडायला निघाली. पण मी वाचलं. ताप उतरला. मधली बहीण पुरात होडीतून निघाली. होडी काठाला लागली. म्हातारे काका काशीला गेले आणि काशीहून परत आले. रोज चारला वाचत शेवटच्या पानापर्यंत पोचलो.

त्या कादंबरीत कोणीही मरत नाही. शेवटी जमिनीची वाटणी होते आणि सगळे जेवायला बसतात. फार कंटाळवाणी आहे.