हानाच्या वडिलांचं 'आपलं बोलणं'

माझ्या टीममधल्या हानाचे वडील गेल्या महिन्यात गेले... तेव्हापासून हे लिहायचं होतं, आज धीर झाला.

हाना स्लोव्हाकियाची. पण कुणी विचारलं की म्हणते, "मी रुसिन." हा शब्द मी तिच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. कार्पेथियन डोंगरातले लोक, स्वतःचा देश नाही... आपल्या भाषेला ते नुसतं 'आपलं बोलणं' म्हणतात.

तिच्या वडिलांना लहानपणी शाळेत सांगितलं गेलं की रुसिन असं काही नसतंच. मोठेपणी ते शहरात आले, स्लोव्हाक बाईशी लग्न केलं आणि घरात ती भाषा कधी वापरलीच नाही.

हाना ती शिकली कॉलेजात असताना, तिथल्या एका रुसिन युवक संघटनेत. ही मुलं सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या गावांत जाऊन म्हाताऱ्यांकडून गाणी, शब्द रेकॉर्ड करून आणायची, संध्याकाळी वर्ग घ्यायची. वडील भयंकर चिडले होते. "जे विसरायला मला इतकी वर्षं लागली, ते तू शिकतेस?" तो विषय घरात तिथेच बंद झाला.

इथे परदेशात, वन-नॉर्थ भागातल्या आमच्या ऑफिसात जेवताना तिने हे सगळं मला सांगितलं होतं. खरं सांगते, मी अर्ध्या कानाने ऐकलं. माझीच मुलगी मराठीत विचारलं तर इथल्या धाटणीच्या इंग्रजीत 'कॅन लाह', म्हणजे 'चालेल की', म्हणते, मी कुठे मनावर घेतलंय...

मग तिच्या वडिलांना पक्षाघात झाला. काही दिवसांनी बोलायला लागले, तर ते फक्त रुसिनमध्ये. कुणी स्लोव्हाकमध्ये काही विचारलं की भिंतीकडे तोंड करायचे. हानाची आईसुद्धा हतबल झाली.

हानाने सुट्टी मागितली. आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज दहा दिवसांवर होतं आणि डॉक्टर म्हणत होते, धोका टळलाय. मी तिची मॅनेजर. म्हणाले, "एवढं रिलीज होऊ दे, मग निवांत जा." ती थांबली.

तिने संघटनेतल्या मुलांना कळवलं. त्यातली बरीच तिच्यानंतर आलेली, तिने कधी न पाहिलेली. ती मुलं रोज पाळीपाळीने हॉस्पिटलमध्ये जाऊन बसायला लागली. गप्पा मारायची, पेज भरवायची... आणि तो माणूस बोलायला लागला. लहानपणचं गाव, मेंढ्या, आईची अंगाईसुद्धा.

एका दुपारी आम्ही मीटिंग रूममध्ये होतो. तिकडून एका मुलीने स्काइप लावून फोन त्यांच्यासमोर धरला. हाना रुसिनमध्ये बोलली. वडिलांनी काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. त्यावर ते आणखी काही म्हणाले आणि हाना टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली.

नंतर तिने मला अर्थ सांगितला. जुनं भांडण विसरल्यासारखं त्यांनी विचारलं होतं, "तुला आपलं बोलणं कुणी शिकवलं?" ती म्हणाली, "या मुलांच्या संघटनेने, बाबा." त्यावर ते म्हणाले, "मी शिकवायला हवं होतं."

मी त्याच क्षणी तिला घरी पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. रिलीज झालं, शनिवारचं तिकीट काढलं... गुरुवारी ते गेले. शेवटी त्यांचा हात धरून संघटनेतला एक मुलगा बसला होता.

ती परत आल्यावर मी तिची माफी मागितली. सेरंगूनला माझ्या घरी आली होती, चहा तसाच राहिला. ती म्हणाली, "तू थांब म्हणालीस, मी थांबले. आता आपण दोघी हे घेऊन जगू." एवढंच. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

त्या मुलांनी वडिलांच्या सगळ्या गप्पा रेकॉर्ड करून तिला दिल्यात. रोज थोडं ऐकते म्हणाली, संपू नये म्हणून.

त्या मुलांची नावंही मला ठाऊक नाहीत. एक भाषा जपता जपता त्यांनी एका बापाला त्याची लेक परत मिळवून दिली... आणि जिथे तिला मी पोचू दिलं नाही, तिथे ती मुलं तिच्या जागी बसून राहिली. त्यांचे उपकार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.