काढेवाल्या काकूंचा रिकामा डबा

आमच्या गल्लीतल्या काढेवाल्या काकूंची जीभ तिखट आणि काढा कडू. खोकला झाला की दोन्ही मुकाट गिळायचं, तिसरा इलाज नाही.

घरांमागे नुसता खडकाळ उतार. तिथे पाण्यावाचून तगणारं एक पिवळ्या फुलांचं रानझुडूप. सुकवलेल्या फुलांचा काढा खोकल्यावर, पाला वाटून गरम करून सुजल्या गुडघ्यावर. काकूंच्या सासूबाईंनी उतार दोन सुनांना वाटून दिला आणि बजावलं, "फुलं खुडा, मुळाला हात लावायचा नाही."

लागोपाठ दुष्काळ पडला आणि झुडपांच्या काटक्या झाल्या. काकूंनी आपल्या वाट्याची मुळासकट उपटून चुलीत घातली. धाकट्या जावेने मात्र हात लावला नाही. नळावर काकूंना विषयच मिळाला. "आमच्या धाकट्या बाई मढ्याला जपतायत. उद्या काटक्यांना अंगाई म्हणतील!"

पुढे पाऊस पडला. धाकटीचा उतार पिवळाधमक, काकूंचे नुसते धोंडे. "तिकडे ऊन जास्त लागतं," काकू म्हणायच्या. कोणी विचारलेलं नसतानाही.

आणि नेमका काकांना खोकला लागला. "अख्ख्या गल्लीला काढा पाजलास, माझ्याच वेळी डबा रिकामा होय गं?"

भर दुपारी, गल्ली पेंगत असताना, काकू काखेत पिशवी दडपून जावेच्या दारात. माझी खिडकी तिकडेच उघडते, त्याला मी काय करू?

"अगं, मूठभर फुलं दे. शेजारणीला हवीत."

"शेजारणीला? दादांचा खोकला इथवर ऐकू येतो, ताई."

काकूंची मान खाली गेली. "यांनाच हवीत. मी… सासूबाईंनी सांगूनसुद्धा उपटली गं मी. वर तुलाच हसले."

धाकटीने फुलं दिली, वर मूठभर बीही. "पेरा. यायला वेळ लागेल."

"गल्लीला कळलं तर?"

"कळणारच. समोरची खिडकी उघडी आहे."

मी पटकन मान आत घेतली. उशीरच झाला होता.

काकांचा खोकला बसला. बी मात्र अजून उगवलेलं नाही. हल्ली कोणी काढा मागायला गेलं, की काकू वर न बघताच म्हणतात, "धाकटीकडे जा बाई. मला जिवंत काय आणि मेलेलं काय, कळत नाही."