आंब्यावरच्या एकशे सदतीस पट्ट्या

"मॅडम, उद्या डायरेक्टर सर येतायत. त्यांना त्यांचं झाड बघायचंय. टॅग नंबर बारा. आजच फोटो पाठवा."

फोनवर सबनीस होते, पुण्यातल्या एका कंपनीचे सीएसआर मॅनेजर. सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातला थोडा भाग समाजाच्या कामाला द्यायचा, अशी कायद्याची तरतूद. कंपनीने पैसे द्यायचे, आमच्यासारख्या पर्यावरण संस्थेने झाडं लावायची, गावाने ती जगवायची. कागदावर तिघेही खूश असतात. मी आमच्या संस्थेची बीडची प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, म्हणजे तिघांचीही बोलणी खाणारी.

चौसाळ्याच्या पुढच्या एका गावात, दूध संस्थेच्या पडीक जागेवर, आम्ही दोनशे रोपं लावली होती. प्रत्येक रोपाशेजारी एक काठी, काठीला पत्र्याची पट्टी, पट्टीवर नंबर, कंपनीतल्या एका माणसाचं नाव आणि त्याचा विभाग. हाच तो टॅग. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली, म्हणून कंपनीने आठवड्याला एक टँकर मंजूर केला. दर झाडाला एक बादली. पाणी घालायला गावातल्या तरुण जोडप्यांची समिती नेमली. "ही माणसं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, गुढीपाडव्याच्या आत परतत नाहीत," असं मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं. सबनीसांनी ते लिहूनही घेतलं. समिती मात्र तीच राहिली, कारण स्लाइड आधीच तयार होती.

जानेवारीत दूध संस्थेच्या चेअरमन सुमनबाई मला म्हणाल्या, "ताई, आमच्या आंब्याला बी पानी सोडा की. शेंडा वाळायलाय."

हा आंबा दूध संस्थेच्या दारातच आहे, जुना, गावरान. सकाळी जमलेल्या दुधाचे कॅन त्याच्या सावलीत ठेवतात, डेअरीची गाडी येईपर्यंत. गाडी कधीच वेळेवर येत नाही. सावली गेली तर दूध नासणार, आणि नासलेलं दूध गाडी घेत नाही. तोडीला न गेलेल्या म्हाताऱ्यांची आणि बायकांची चूल त्या दुधावर पेटत होती.

मी सबनीसांना मेल केला. उत्तर आलं, आंबा स्कोपमध्ये बसत नाही. स्कोप म्हणजे करारात लिहिलंय तेवढंच काम. मी वैतागले आणि तो वैताग गावावर काढला. सुमनबाईंना आणि टँकरवाल्या लतीफभाईंना एकत्र उभं करून सांगितलं, "टॅग असलेल्या झाडालाच पाणी. बाकी कशालाही थेंबभर नाही." मग बीडला येऊन दुसऱ्या प्रकल्पांच्या रिपोर्टांत अडकले आणि दीड महिना त्या गावाकडे फिरकलेच नाही. ही चूक माझी.

तर बारा नंबरचा फोटो काढायला मी त्या दुपारी गावात पोहोचले. पडीक जागेत काठ्या उभ्या होत्या, पण बहुतेकांवर पट्ट्याच नव्हत्या. त्या काठ्यांशेजारी रोपंही नव्हती. मग माझं आंब्याकडे लक्ष गेलं.

अख्खी कंपनी आंब्यावर होती. सुतळीने नीट बांधलेली. खालच्या फांदीवर पर्चेस, त्याच्या वर अकाउंट्स, आणि बुंध्याजवळच्या जाड फांदीवर टॅग नंबर बारा, खुद्द डायरेक्टर.

"चेअरमनबाई, हे काय केलंत?"

"तुमीच म्हनले ना, पट्टी आसंल त्यालाच पानी."

"पट्टी रोपाची होती."

"रोप मेलं, ताई. मेल्याला पानी घालून काय करू? जित्या रोपाची एक बी पट्टी काढली न्हाई. मोजा तुमी."

मोजल्या. एकशे सदतीस. लतीफभाई टँकरला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मी पट्ट्या मोजूनच पाणी सोडतो, मॅडम. आंब्याला एकशे सदतीस बादल्या, बाकीच्या रोपांना. एक बी जास्त न्हाई."

मला राग कोणाचा यावा तेच कळेना. नियम माझाच होता आणि तो काटेकोर पाळला गेला होता.

सबनीसांना फोन लावला. ते म्हणाले, "सगळ्या पट्ट्या काढा. बीडच्या नर्सरीतून रोपं आणा आणि आजच्या आज खोचून टाका."

"पट्ट्या काढल्या की आंब्याचं पाणी बंद होईल."

"आणि सर नाराज झाले तर टँकरच बंद होईल. बघा तुम्ही."

ते काही खोटं बोलत नव्हते. मी सुमनबाईंना म्हटलं, पट्ट्या काढाव्या लागतील. त्यांनी वाद घातला नाही. "शिडी तिथं हाय," म्हणाल्या, आणि कॅन धुवायला निघून गेल्या. मी शिडी लावली, दोन पायऱ्या चढले. समोरच्या फांदीला तांबूस पालवी फुटली होती. जानेवारीत ती फांदी काडीसारखी वाळलेली मी स्वतः पाहिली होती. मी खाली उतरले आणि बीडला परत आले. नर्सरीत गेले नाही.

दुसऱ्या दिवशी, वाटेत मांजरसुंब्याला चहा घेऊन, डायरेक्टर साहेबांची गाडी आली. कॅन सावलीत रांगेने ठेवलेले होते. साहेबांनी विचारलं, "माझं झाड कुठलं?"

सबनीस माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, "सर, तुमचं रोप दिवाळीनंतर मेलं. पाणी घालणारी माणसं ऊसतोडीला गेली होती. तुमचा टॅग या आंब्यावर आहे."

"सर, ते आउट ऑफ स्कोप..." सबनीसांनी सुरुवात केली.

सुमनबाईंनी एक रिकामा कॅन पालथा घातला. "बसा सायेब. दुधाची गाडी यायची हाय आजून."

साहेब बसले. गाडी पाऊण तास उशिरा आली. ड्रायव्हरने एकेक झाकण उघडलं, वास घेतला आणि सगळे कॅन चढवले. साहेब ते शेवटपर्यंत बघत होते. उठताना सबनीसांना एवढंच म्हणाले, "टँकर चालू ठेवा."

टँकर पावसाळ्यापर्यंत चालला. आंबा जगला. उरलेल्या त्रेसष्ट रोपांपैकी बहुतेक जगली. पण कंपनीच्या मासिकात आंब्याखाली बसलेल्या साहेबांचा फोटो आला, खाली ओळ होती: "आमच्या कर्मचाऱ्यांनी लावलेलं झाड, अवघ्या एका वर्षात." मी दुरुस्तीसाठी दोनदा मेल केला. अजून उत्तर नाही.

पुढच्या करारात कंपनीने एकच सुधारणा केली, टॅग यापुढे रिव्हेट मारून पक्के बसवावेत. समितीच्या रकान्यात मी स्वतः खाडाखोड करून दूध संस्थेचं नाव लिहिलं. आणि आता नवा प्रकल्प आला की मी रोपांची यादी नंतर बघते. आधी विचारते, दिवाळी ते पाडवा या गावात कोण असतं, आणि त्यांना कुठलं झाड हवंय?